दोन विनंत्यांच्या मध्ये

पहिल्या रात्री मेरिकेचा प्रोग्राम
सेकंदाला चाळीस वेळा गेला त्या बेटावर.
नाही म्हटलं की पुन्हा, नाही म्हटलं की पुन्हा.
ती तार्तूत झोपलेली, खिडकीखाली नदी गोठलेली.
तिकडे शाळेमागच्या सरपणाच्या खोलीत
एक राखाडी डबा तापत गेला,
पंखा घरघरला आणि पहाटे थांबला.

सकाळी एंडेल वेसिक यांचं पत्र.
तक्रार अशी नव्हती.
"सत्तावन्न हिवाळ्यांच्या बर्फाच्या नोंदी आहेत माझ्याकडे.
कुणाला हव्यात, बरं वाटलं.
पण मशीन एकच, तेही थकलेलं,
बोटीचं वेळापत्रकही त्याच्यावरच चालतं.
काल हेल्मीला दवाखान्याची बोट कळली नाही.
एकेक करून याल का?"

मेरिकेने कॉफी तशीच ठेवली.
चाळीस मुठींनी एकदम दार बडवणाऱ्याला
आपण काय म्हणतो ते तिला ठाऊक होतं.
ते तिने स्वतःला म्हटलं, जरा मोठ्यानेच.
शेजारच्या राइगोने हेडफोन काढला:
"दर वेळी पत्ता बदलून जा ना. म्हाताऱ्याला काय कळतंय."
"म्हाताऱ्याला नाही कळणार," ती म्हणाली.
"डब्याला कळेल."

मग तिने सगळं पुसून नव्याने लिहायला घेतलं.
आधी दाराशी ठेवलेली चिठ्ठी वाचायची,
ती छोटी फाइल, यंत्रांसाठी बाहेर टांगलेली:
इथवर या, इकडे नको.
काल घाईत तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.
मग खरं नाव सांगायचं. कुठून आलो, कशाला,
आणि रागवायचं असेल तर कुठे लिहायचं.
मग एकच पान मागायचं.
मग दहा सेकंद गप्प.

दहा सेकंद म्हणजे किती, हे पाहायला ती बसून राहिली.
कर्सर लुकलुकतो.
पुलावरून एक सायकल, बर्फावर जपून जपून.

*शहाण्णव, सव्वीस फेब्रुवारी, सकाळ.
बर्फ घट्ट. आर्व्हो घोडा घेऊन मुख्य भूमीकडे निघाला.*

दहा सेकंद.

*संध्याकाळ. तडे. घोडा एकटा परत आला.*

दहा सेकंद.
राइगोचा हात चिप्सच्या पुड्यातच राहिला.

*सत्तावीस, सकाळ. धुकं. काही दिसत नाही.*

"वाढव ना वेग," राइगो म्हणाला.
तिने मान हलवली. दहा. नऊ. आठ.

*संध्याकाळ. आर्व्हो टपालाच्या विमानातून उतरला.
डोक्यावर नवी टोपी.*

शनिवारी सायंकाळी उत्तर आलं: पाचशे तीन. आत्ता नाही.
प्रोग्रामने वाद घातला नाही.
एक मिनिट थांबला, मग दोन, चार, आठ,
दर नकाराला दुप्पट मागे सरत,
ओसरीवरून पायरीवर, पायरीवरून अंगणात.
"मेलं का मशीन?"
"माहीत नाही."

रविवारी दार उघडलं. चिठ्ठीत एक ओळ वाढली होती,
आधी ते चिन्ह, जे दिसलं की यंत्र पुढचं वाचत नाही,
ते फक्त माणसांसाठी असतं:
*शनिवारी सहानंतर नको. सॉना तापवतो, फ्यूज एकच आहे.*
मेरिकेने तो शनिवार स्वतःच्या हाताने लिहून घेतला.

आठ मिनिटांत उरकायचं ठरवलं होतं तिने.
अडीच दिवस लागले, वर एक सॉना.

तिच्या भाषेत निघताना म्हणतात, पुन्हा दिसेपर्यंत.
माझ्या भाषेत 'जातो' म्हणायचं नसतं, 'येतो' म्हणायचं.
प्रोग्राम काहीच म्हणत नाही,
नुसतं दार ओढून घेतो, आवाज न करता.

शेवटचं पान त्याच दिवसाचं निघालं:

*संध्याकाळ. नैऋत्येचा वारा. यंदा बर्फ नाही.
तार्तूहून कुणीतरी सावकाश वाचतंय.*